मागून उमटलेली अक्षरं

हैदरला बसवत नसे, आणि धंदा तर सगळा बसण्याचा. मांडीपुढं लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर ताट, एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी, आणि टुक टुक टुक, ठिपक्याला ठिपका लावत भांड्यावर मालकाचं नाव टाकायचं. सकाळी बसलेल्या माणसानं दुपारीच उठावं असं ते काम. पण दोन ताटं झाली की हैदरच्या पिंडऱ्यांत वळवळ सुरू होई. मग तो उठे, बाजाराचा एक फेरा मारे, कोणाच्या बैलाची शिंगं पाही, कोणाशी उगीच दोन शब्द बोले, आणि परत येऊन तिसरं ताट पुढं ओढे.

लोक म्हणत, "हैदरच्या ढुंगणाले काटे हायेत."

हैदर म्हणे, "काटे नाई बाप्पा, चाकं हायेत."

घर धामणखेडला. पण पावसाळा सोडला तर तो घरी क्वचितच सापडे. देऊळघाट, चिखली, अमडापूर, जिथं बाजार तिथं पिशवी खांद्यावर टाकून पायी. लगीनसराईत तर त्याला ओढून नेत. आंदणाची भांडी नावाशिवाय सासरी जात नसत. पोरीचं नाव, बापाचं नाव, गाव, साल, सगळं ताटावर यायला पाहिजे. मराठीत सांगा, उर्दूत सांगा, हैदर टाकून देई. गंमत अशी की हैदरला वाचता येत नव्हतं. मालक चिठ्ठीवर लिहून आणी, चिठ्ठी ठोकळ्यावर ठेवायची, आणि चित्र उतरवावं तसं अक्षर उतरवायचं. इतक्या वर्षांत सुटं अक्षर तो ओळखू लागला होता. जोडून वाचायचं म्हटलं की घाम फुटे. एकदा देऊळघाटच्या एका म्हातारीनं चिठ्ठी उलटी धरून दिली, तर गड्यानं गंगाळावर सगळं नाव उलटं टाकलं. त्या घरात ते गंगाळ पालथं टांगून ठेवतात, म्हणजे नाव सुलटं दिसतं.

या माणसाची एकुलती एक पोरगी शाहजादी. चार वर्षांची असताना देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. हैदरची बायको नूरबी तेव्हा महिनाभर रडली आणि मग पोरीला पीठ चाळायला, दोरी वळायला शिकवायला लागली. पण शाहजादी बापावर गेलेली. घरात ठरेना. भिंतीला हात लावत लावत बोर्डाच्या शाळेच्या पायरीशी जाऊन बसे. आत पोरं पाढे म्हणत, बाहेर ही म्हणे. एक दिवस रमाकांत मास्तरांनी आतल्या पोराला अडीचकी विचारली. तो अडला, आणि पायरीवरून उत्तर आलं. मास्तर बाहेर आले, पोरीकडं पाहिलं, आणि हजेरीपटावर तिचं नाव चढवून मोकळे झाले. तरणा माणूस. पुढं काय होईल याचा विचार करून लिहिणारा नव्हता.

पुढं झालं ते असं. तपासणीला शाळाखात्याचे डिप्टीसाहेब आले. हुकूम नागपूरहून निघायचे, पण धामणखेडला त्यांना तोंड असायचं ते डिप्टीसाहेबांचं. त्यांनी हजेरीपट पाहिला, पोरीकडं पाहिलं, आणि तपासणी-बुकात दोन ओळी लिहून ठेवल्या. मास्तरांनी त्या हैदरला शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवल्या: सदर मुलगी अंध असून लेखन-वाचन करू शकत नाही. पुढील तपासणीस लेखन-वाचन न दाखविल्यास नाव कमी करावे.

"कमी करावे म्हंजे?" हैदरनं विचारलं.

"म्हंजे काटायचं."

हैदर उठून उभा राहिला. ओट्याच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला. "मास्तर, साऱ्या तालुक्याच्या पोरीइचे नावं मी टाकतो. पितळावर. शंभर वर्सं जात नाई. अन माह्या पोरीचं कागदावरचं काटतेत?"

"मी नाही काटत बाबा. पण साहेबाचा शेरा आहे."

"मंग वाचन दाखवू. कसं दाखवायचं थे सांगा."

कसं ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. पण मलकापूरच्या मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांचं पाहतात एवढं त्यांनी ऐकलं होतं. हैदरनं दुसऱ्याच दिवशी पोरीला बैलगाडीत घातलं. तिथल्या नर्स स्नेहलताबाई. त्यांनी शाहजादीच्या पापण्या उचलून पाहिल्या आणि सरळ सांगितलं, "डोळ्यांचं काही व्हायचं नाही. उगीच वैद्य करत फिरू नका." हैदर पोरीचा हात धरून उठायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा की. वाचायचं म्हणत होता ना? माझा धाकटा भाऊ आंधळा आहे. बोटानं वाचतो. कागदावर उठलेले ठिपके असतात. एका अक्षराला सहा जागा, कुठं ठिपका असतो, कुठं नसतो, त्यावरून अक्षर."

"ठिपके?" हैदर खाली बसला. "बाई, फक्त ठिपके?"

"फक्त ठिपके."

हैदर हसायलाच लागला. बाईंना कळेना काय झालं. साऱ्या जन्माचा त्याचा धंदा ठिपक्यांचा, आणि पोरीला लागायचे तेही ठिपकेच. बाईंनी भावाच्या अक्षरांचा तक्ता हातानं उतरवून दिला. प्रत्येक मराठी अक्षर, आणि त्याखाली त्याचे ठिपके शाईनं काढलेले. "ठिपके उठलेले पाहिजेत हं," त्या म्हणाल्या. "बोटाला लागले पाहिजेत."

घरी आल्यावर हैदरनं पितळेच्या पातळ पत्र्याचे बोटभर तुकडे कापले. तक्ता ठोकळ्यावर ठेवला, छिन्नी बाजूला टाकून बोथट खिळा घेतला, आणि नाव टाकतो तसे ठिपके ठोकले. एका तुकड्यावर एक अक्षर. वरून खड्डा पडे, मागून दाणा उठे. दाणा बोटाला छान लागे. प्रत्येक तुकड्याचा खालचा कोपरा कातरला, म्हणजे पोरीला खाल-वर कळावं. सगळे तारेत ओवून जुडगा केला आणि शाहजादीच्या हातात दिला. तिनं दाण्यांवरून बोट फिरवलं.

"अब्बा, हे कोनतं?"

"हे... थांब." हैदरनं तक्त्यात पाहिलं. "हे ह. हैदरचा ह."

दोन महिने त्या जुडग्याची खुळखुळ घरात थांबली नाही. जेवताना जुडगा, निजताना जुडगा. नूरबी वैतागून म्हणे, "गाईच्या गळ्यात घंटी बांधावं तसं झालं बाई." पण महिन्यात पोरगी सगळी अक्षरं ओळखू लागली. मास्तर डोळे मिटून कुठलाही तुकडा तिच्या हातात देत आणि ती फटकन सांगे. हैदर बाजारात ज्याला त्याला सांगत सुटला. कोणी विचारो न विचारो.

तपासणी दहा दिवसांवर आली तेव्हा मलकापूरच्या गाडीवानाच्या हातून स्नेहलताबाईंनी पुडकं धाडलं. आत त्यांच्या भावाच्या पुस्तकाची दोन पानं, जाड, ठिपक्यांनी भरलेली. आणि लिहायची एक चौकट, मोडकी, नमुन्यासाठी. दोन पत्रे, बिजागरीनं जोडलेले. वरच्या पत्र्याला ओळीनं खिडक्या, खालच्याला प्रत्येक खिडकीखाली सहा खोलगट खळगे. मधे कागद घालायचा आणि टोच्यानं खळग्यात दाबायचं. सोबत चिठ्ठी होती. मास्तरांनी वाचली: चौकटीत उजवीकडून डावीकडं लिहावं लागतं, नव्या पोरांना ते फार जड जातं, म्हणून आधी वाचन पक्कं करा.

"वाचन पक्कंच आहे," मास्तर म्हणाले. "शाहजादी, ये. हे पान वाच."

शाळेच्या ओट्यावर पान पसरलं. हैदर उभाच. शाहजादीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, सरकवलं, थांबली. परत सुरवातीला गेली.

"ज," ती म्हणाली. "मंग... हे मले येत नाई. मंग ह. मंग हे अक्षरच नाई, मास्तर."

मास्तरांनी तक्ता काढून ते पान स्वतः डोळ्यांनी पाहिलं. तिथं ज नव्हता, ह होता. तिनं ह म्हटला तिथं ज. ल तेवढा बरोबर आला. एकाखाली एक तीन ठिपके, तो इकडून काय आणि तिकडून काय. बाकी सगळा चिवडा. मास्तरांनी दुसरी ओळ वाचायला लावली. तेच.

"ध्यान दे व पोरी!" हैदर ओरडला.

"ध्यान दिऊनच राह्यली! पानच खराब हाये!"

"पान छापलेलं आहे," मास्तर हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हैदरला आवडलं नाही. पोरीनं दोन महिने नुसतं पाठ केलं होतं की काय, असं ते तोंड होतं. शाहजादीला तोंड दिसलं नाही, पण गप्प बसणं ऐकू आलं. तिनं जुडगा उचलला आणि ओट्याखाली फेकून दिला. मग थोड्या वेळानं स्वतःच चाचपडत खाली उतरून घेऊन आली.

हैदरनं पुढच्या चार दिवसांत नवी चौकट बनवली. काय करायची ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं, हातांना काही तरी पाहिजे होतं. पत्रा कापला, खिडक्या पाडल्या, खळगे ठोकले. मोच्याची आरी घेतली तर कागद फाटे, म्हणून तिचं टोक दगडावर घासघासून गोल करून टोच्या केला. चौकट झाली. कोणी तिला हात लावला नाही. ती फळीवर पडून राहिली, शाहजादी भिंतीकडं तोंड करून बसली, आणि हैदर अंगणात फेऱ्या घालत राहिला. नूरबी म्हणाली, "जा बाप्पा कुठी तरी. तुमच्या पायानं अंगन खचून राह्यलं."

तो गेला. अमडापूरला रुक्मिणीबाईंच्या घरी लग्न होतं आणि आंदणाची भांडी खोळंबली होती. रुक्मिणीबाई म्हणजे तोंडाची फटाकडी, पण मनानं सरळ. हैदर अंगणात ठोकळा मांडून बसला. हात ठोकत होते, डोकं धामणखेडला. ह च्या जागी ज, ज च्या जागी ह. पोरीला येतं, पक्कं येतं, मग पानावर काऊन येत नाही? बाईचा भाऊ वेगळी अक्षरं वाचतो काय? राग आला की हात जोरात पडे.

"ए हैदर!" रुक्मिणीबाई येऊन उभ्या राहिल्या. ताट उचलून त्यांनी बोट फिरवलं. "कोन्या बैरीचं डोस्कं फोडून राह्यला का रे इथं? पाह्य, सारं मागून उमटलं! जावई जेवाले बसन अन ताट डुगडुग करन. लोक म्हनतीन, बाईनं फुटकं ताट देल्लं."

"पत्रा पातय हाये बाई तुमचा."

"पत्रा पातय नाई, तुही अक्कल पातय हाये. पाह्य तं खरं!"

त्यांनी ताट पालथं करून त्याच्या नाकापुढं धरलं. मागल्या बाजूला दाणे उठलेले होते, नावाचे. पण नाव नव्हतं ते. र चं तोंड भलतीकडं, क ची शेपटी भलतीकडं, सगळं पाण्यात पाहिल्यासारखं. हैदरनं ताट हातात घेतलं. सुलटं केलं. पालथं केलं. परत सुलटं केलं.

जन्मभर त्यानं पुढून ठोकलं होतं. मागची बाजू कधी कोणी वाचली नव्हती. तिला काय करायचं? ती चुलीकडची, राखेनं घासायची बाजू. आणि पोरीचे तुकडेही त्यानं पुढूनच ठोकले होते. पोरगी मात्र ते मागून वाचत होती. दोन महिने.

छिन्नी हातात तशीच राहिली. हैदर इतका वेळ न हलता बसला की रुक्मिणीबाईच घाबरल्या.

"काय झालं रे बापा? एवढं नोको मनावर घेऊ. पानी आनू का?"

"बाई, मी आंधळा हाये," हैदर म्हणाला, आणि उठला. पिशवी उचलली. ठोकळा तिथंच.

"अरे, अन माहे तीन ताटं? ए हैदर! परवा हळद हाये ना रे!"

"उद्या येतो!" तो फाटकातून ओरडला.

धामणखेडला पोचला तेव्हा दिवस डोक्यावरून कलला होता. अंगावर धूळ, घशाला कोरड. शाहजादी दारात होती.

"शाहजादी, चूक माही हाये. तुही नाई. मी अक्षरं पुढून ठोकले. तुले थे मागून लागले. सारे उलटे शिकवले मी तुले."

पोरीनं हातातल्या जुडग्याचे तुकडे चाचपले. मग म्हणाली, "सारे?"

"ल सोडून."

"मंग दोन महिने मी काय शिकली, अब्बा?"

हैदरनं जुडगा तिच्या हातातून घेतला, तुकडा पालटून पुढची बाजू तिच्या बोटाखाली ठेवली. नुसते खड्डे. खड्ड्यावर बोट ठरत नाही. तो उठला, बसला, परत उठला. फळीवरची चौकट त्यानं काढली, हाताला चाळा म्हणून. मास्तरांनी दिलेला जुन्या कॅलेंडरचा जाड कागद मधे घातला. टोच्या घेतला. आणि थांबला. टोच्यानं वरून दाबायचं. दाणा खाली उठणार. मग कागद काढून पालटायचा आणि वाचायचा. म्हणजे लिहिणारा कायम मागच्या बाजूनं लिहितो. म्हणजे...

"नूरबी! तक्ता आन! शाहजादी, इकडं ये. तुले जुडग्यात ह कसा लागते? तसाच टोच. या खिडकीत."

"उलटा टोचू?"

"तुले येते तसा टोच न व बाई!"

तिनं खिडकी चाचपली, कडा धरून खळगे मोजले, आणि टोचलं. टुक, टुक, टुक. हैदरनं कागद ओढून काढला, पालटला, तक्त्याशी धरला. ह. सुलटा, तक्त्यातल्यासारखा. त्यानं तिच्याकडून क टोचून घेतला. मग र, मग म. सगळे पालटले की सुलटे. उजवीकडून डावीकडं जायचं हेही तिला नवं नव्हतं; नूरबी कुराण वाचायला बसली की शाहजादीचं बोट ती आपल्या बोटासोबत ओळीवरून तसंच नेई.

हैदरनं तिचा हात धरून तिला शाळेत नेलं, नव्हे ओढलं. मास्तरांनी कागद पाहिला, परत पाहिला. "बाईंनी लिहिलंय की पोरांना हेच जड जातं. सुलटं शिकून उलटं लिहायचं. हिला तर हेच सुलटं आहे!" मग त्यांचं तोंड उतरलं. "पण वाचायचं काय हैदरभाई? शेऱ्यात दोन्ही आहे."

उरले पाच दिवस. दुसऱ्या दिवशी हैदरनं अमडापूरची तीन ताटं उरकली, नाही तर रुक्मिणीबाई घरापर्यंत आल्या असत्या. रात्र पाहिली नाही, पहाट पाहिली नाही, वाटेत झाडाखालीसुद्धा बसून त्यानं नवा जुडगा ठोकला. या वेळी तुकडा आधी पालथा घातला आणि अक्षर उलटं टाकलं. जन्मभराची सवय हाताला. प्रत्येक ठिपक्याला हात चुकीकडं जाई. सहा तुकडे वाया गेले.

आता घरात दोन जुडगे. एक लिहायचा, एक वाचायचा. शाहजादीच्या डोक्यात दोन्हींची झुंज. ती ज वाचायची, जीभ चावायची, ह म्हणायची, परत जीभ चावायची. बोटाचं टोक लाल झालं. नूरबीनं वैतागून जुना जुडगा पिठाच्या डब्यात लपवला, तर शाहजादीनं घर डोक्यावर घेतलं. "थो पाह्यजे! थो लिहाचा हाये! त्याच्यातच तं मले येते!"

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब सकाळी यायचे, तर दुपार झाली तरी पत्ता नाही. पोरं धुतल्या कपड्यांत घामेजली. पालकांनी आत यायचं नाही असा नियम, म्हणून हैदर बाहेर. तो शाळेला फेऱ्या घालत होता. मागच्या खिडकीतून मास्तरांनी दोनदा हात जोडले, "हैदरभाई, बसा हो जरा. पोरं तुमच्याकडंच पाहून राह्यली." हैदर बसला, आणि मास्तरांची पाठ वळताच उठला.

टांगा आला. डिप्टीसाहेब उतरले, धुळीनं भरलेले, कपाळाला आठ्या. पाढे झाले, कविता झाल्या. शेवटी बुक उघडून त्यांनी आपलाच जुना शेरा वाचला.

"ती मुलगी कुठे आहे?"

शाहजादी उभी राहिली. पुढ्यात पान ठेवलं. साहेबांनी चष्मा पुसला. तिनं वाचायला सुरवात केली. पहिला शब्द आला, हळूहळू, अक्षर जोडत. दुसरा आला. तिसऱ्यात ती ह म्हणाली, "नाई नाई, ज," म्हणाली, परत ह म्हणाली. चौथ्या शब्दाला बोट थांबलं. वर्गात कोणी तरी फिसकन हसलं. खिडकीशी हैदरनं गज धरले.

"पुरे," साहेब म्हणाले. वाईट नव्हता आवाज, दमलेला होता. त्यांनी टाक दौतीत बुडवला.

मास्तर घाईघाईनं म्हणाले, "साहेब, तिला लिहिता येतं. लेखन पाहावं."

"पाठ केलेलं वाक्य लिहील. त्यात काय पाहायचं?"

"आपण सांगाल ते लिहील."

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर, टांग्याकडं. "बरं. लिही, मुली. वाटेत नाल पडली. मला उशीर झाला."

हे वाक्य धामणखेडात कोणी पाठ करून ठेवणं शक्य नव्हतं. शाहजादीनं कागद घातला, चौकट मिटली, उजव्या टोकाची खिडकी शोधली. टुक, टुक. हैदरला तो आवाज ओळखीचा. जन्मभर ऐकलेला, फक्त आता तो दुसऱ्याच्या हातातून येत होता. एका ओळीला इतका वेळ लागला की साहेबांचा घोडा बाहेर दोनदा फुरफुरला. मधे एकदा ती थांबली, बोटानं खिडक्या मोजल्या, परत सुरू झाली. मग चौकट उघडून कागद तिनं पुढं धरला.

साहेबांनी तो घेतला. मास्तरांनी तक्ता पुढं सरकवला. साहेबांनी पहिलं अक्षर तक्त्यात शोधलं. दुसरं शोधलं. कपाळाची आठी परत आली.

"एकही अक्षर जुळत नाही," ते म्हणाले, आणि टाक उचलला.

मास्तर गडबडून कागदाकडं पाहायला लागले. त्यांनाही क्षणभर सुचेना. हैदर खिडकीतून नाहीसा झाला आणि दारात उगवला. वहाणा बाहेर, पागोटं मानेवर.

"पालटा, साहेब!"

"हा कोण?"

"पालटा थो कागद! तुमी पुढून पाहून राह्यले. तिनं मागून लिहिलं. थे मागूनच लिहा लागते. मी हेच चुकलो होतो साहेब, दोन महिने चुकलो, तुमी दोन घडी चुकाल तं काय बिघडलं? पन टाक नोका टेकवू. आधी पालटा!"

साहेबांना असं कोणी बोललेलं नसावं. त्यांनी हैदरकडं पाहिलं, टाक खाली ठेवला, आणि कागद पालटला. दाण्यांवरून नकळत बोट फिरवलं. मग तक्ता ओढला आणि अक्षर लावायला बसले. शिकलेला माणूस, पण मुळाक्षरं गिरवणाऱ्या पोरासारखा. ओठ हलत होते, बोट सरकत होतं. "वा... टे... त." थांबले. "ना... ल." सगळा वर्ग त्यांच्या ओठांकडं पाहत होता. हैदर दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"उशीर झाला," साहेबांनी शेवट केला. मग परत मागं गेले. "मी मला म्हणालो होतो. इथं मले आहे."

"आमच्याकडं तसंच म्हनतेत," शाहजादी म्हणाली.

साहेब हसले की खोकले ते कळलं नाही. त्यांनी बुक ओढलं, लिहिलं, आणि मास्तरांना मोठ्यानं वाचायला लावलं: लेखन समाधानकारक. वाचन कच्चे. नाव राहू द्यावे. वाचन पुढील तपासणीस पुन्हा पाहावे.

"म्हंजे काटत नाई?" हैदरनं विचारलं.

"यंदा नाही," साहेब म्हणाले. मग त्यांनी चौकट उचलून उलटसुलट पाहिली. "ही कुठून आणली?"

"मीच केली."

"चांगली आहे. ही मी वर दाखवायला नेतो." आणि ती त्यांनी कागदांत गुंडाळलीसुद्धा.

"साहेब, मंग उद्या ती कायनं लिहीन?"

"तूच केलीस ना? दुसरी कर."

टांगा गेला. खरं तर हैदरनं आता ओट्यावर बसून विडी ओढायला हरकत नव्हती. मास्तर तसं म्हणालेही. पण त्याच्या डोक्यात चौकटच घुमत होती. "वर दाखवतो म्हने. वर कुठी? अन वापस कोन आनन?" असं पुटपुटत तो शाहजादीला घेऊन तरातरा घराकडं निघाला, आणि हातपाय न धुता पत्रा कापायला बसला. नूरबीनं काय झालं ते तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा शाहजादीनंच सांगितलं, "नाव हाये. वाचन कच्चं हाये. चौकट गेली."

दिवस बुडायच्या आत खालचा पत्रा झाला. हैदरनं तो पोरीच्या मांडीवर टाकला आणि उठला, पाय मोकळे करायला. तिनं बोट खळग्यांवरून नेलं, एकेका घरात सहा, सहा, सहा.

"अब्बा, कुठी चालले?"

"इथंच, अंगनात."

"बसा. नवव्या घरात पाचच हायेत."

हैदर परत आला आणि ठोकळ्यापुढं बसला.